दोनशे चाळीस रोपं आणि त्यात एकही सेलरी नाही

लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया
बुधवार, १५ ऑक्टोबर

प्रिय ईझ्रादादा आणि फॅनीवहिनी,

प्रभूच्या नावाने दोघांना नमस्कार. आम्ही सगळे त्याच्या दयेने इकडे धड आहोत, तुम्हीही तिकडे इंडियानात तसेच असाल. दादाचा गुडघा आता कसा आहे? वहिनींच्या पत्रात गुडघ्याला दीड पान होतं आणि दादाला दोन ओळी, त्यावरून दोघांपैकी गुडघ्याची प्रकृती जास्त नाजूक असावी असं दादाच्या भावजयीचं, म्हणजे आरीचं, मत पडलं. इकडे तांबडी गाय व्याली, कालवड झाली. आरीचं बीट यंदा इतकं आलं की आम्ही सगळे आतून लाल झालो असू.

तुमचं पत्र जुलैचं आणि उत्तर ऑक्टोबरात, याला आळस कारण नाही. पत्राच्या तळाशी वहिनींनी बारीक अक्षरात विचारलं होतं, ‘ऐकलं ते खरं का?’ त्या ओळीला मी खरं उत्तर दिलं असतं तर तुम्ही ते खोटं मानलं असतं, आणि खोटं द्यायचं तर ते मला जमत नाही. तेव्हा थांबलो. आता सगळं निवळलं आहे, मनावरचा धोंडा उतरला आहे, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

एप्रिलमधल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी मी गाडीला घोडी जोडली, हत्यारांची पेटी मागे टाकली आणि विटकम बाईंच्या रोपवाटिकेत टेबलं दुरुस्त करायला गेलो. मी केलं ते एवढंच. (पुढचे सहा महिने जे झालं त्याचा उगम शोधत मी पुष्कळ मागे गेलो आहे. त्या सकाळच्या मागे काही सापडत नाही.) विटकम बाई आपल्या पंथातल्या नव्हेत, बाहेरच्या आहेत, पण बोलायला सरळ. वय झालं म्हणून त्या रोपवाटिका आवरत होत्या. काम संपल्यावर त्यांनी मला मागच्या छपरात नेलं. तिथे ट्रेमागून ट्रे हिरवी रोपं नुसती बसून होती. ही सावलीतली झाडं, त्या म्हणाल्या. एकदा लावली की दर वर्षी आपली आपण उगवतात आणि बाकी सगळं वाळायला लागलं की मग फुलतात. त्यामुळेच ती खपत नाहीत, कारण वसंतात रोपं घ्यायला येणाऱ्या माणसाला आजच फुललेलं हवं असतं. एकशे साठ बगबेनची आणि ऐंशी जपानी ॲनिमोनीची. मजुरीच्या बदल्यात घेऊन जा, नाहीतर सोमवारी ती खतात जातील.

दादा, तू मला लहानपणापासून ओळखतोस. जिवंत वस्तू खतात जाणार म्हटलं की माझा निश्चय डळमळतो. शिवाय कोठाराच्या पूर्वेची, रस्त्याला लागून असलेली ती पट्टी तुला आठवत असेल. तीन मेपल, सकाळी दहापर्यंत ऊन आणि मग दिवसभर सावली. आरीने तिथे मका लावून पाहिला, घेवडा लावून पाहिला, शेवटी त्या जागेचं नावच घेणं सोडलं. आपल्यात फुलबाग बायकांची, पुरुषाने त्यात हात घातला की लोक त्याची तब्येत विचारतात. तरी मला वाटलं, ज्याने सावली केली त्यानेच सावलीत फुलणारी झाडं केली असतील, तर मध्ये पडणारा मी कोण. गाडी भरून घरी आणली. आरीने ट्रे मोजले, माझ्याकडे पाहिलं, आणि मजुरी कुठे आहे असं विचारलं. मी ट्रे दाखवले. त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं.

आता माझी चूक सांगतो. मला फुलं लावता येत नाहीत, भाजी लावता येते. बाहेरच्या लोकांच्या बागांत फुलझाडं कशी सैल, इथे चार तिथे सात अशी उभी असतात. मी दोरी बांधली, खुंट्या मारल्या आणि दोनशे चाळीस रोपं सहा सरळ ओळींत लावली, प्रत्येक ओळीत चाळीस. रोपांना ओल लागते म्हणून ओळींमध्ये चर काढले आणि रोज संध्याकाळी पाणी घातलं. मेपलच्या मुळांनी जमीन चोखून घेतलेली, म्हणून जंगलातला कुजलेला पाला गाड्या भरभरून आणून घातला. ससे यायला लागले तेव्हा प्रत्येक ओळीच्या दोन्ही अंगांना फळ्या उभ्या केल्या (सुताराच्या घरी फळ्यांना काय तोटा). काम संपवून मी रस्त्यावर उभा राहून पाहिलं आणि मला ते नीटनेटकं वाटलं.

वहिनी ओहायोच्या, त्यांच्याकडे ही पद्धत नाही, म्हणून त्यांच्यासाठी खुलासा करतो. आमच्याकडे मुलीचं लग्न ठरलं तरी उपासनेला जमणाऱ्या मंडळीत जाहीर होईपर्यंत कोणी एक शब्द बोलत नाही. जाहीर होतं ऑक्टोबरात, प्रभुभोजनाच्या उपासनेनंतर, आणि लग्नं नोव्हेंबरात. पण लग्नाला साडेतीनशे माणसं जेवतात आणि त्यांना सेलरी लागते. कोंबडीच्या सारणात सेलरी, साय घालून शिजवलेली सेलरी, आणि जिथे बाहेरचे लोक फुलं ठेवतील तिथे टेबलावर बरण्यांमध्ये उभी केलेली सेलरी. ती वसंतातच लावायला हवी. त्यामुळे मे-जूनमध्ये सगळी मंडळी बग्गीतून जाता-येता एकमेकांच्या बागा पाहतात. ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे आणि ज्याच्या बागेत दोन-अडीचशे सेलरी आहे, त्याच्या घरी नोव्हेंबरात कार्य आहे, हे सांगावं लागत नाही. सेलरीला ओल लागते, कुजलेलं खत लागतं, आणि दांडे पांढरे राहावेत म्हणून तिच्या दोन्ही अंगांना फळ्या उभ्या करतात. आणि बगबेनचं कोवळं रोप, दातेरी पानांचं, रस्त्यावरून पाहिलंत तर कशासारखं दिसतं ते आता मी लिहायला नको.

आमची मलिंडा सत्तावीस वर्षांची आहे.

पहिली मोजणी शेजारच्या बेन्युएल ग्लिकने केली. तो म्हणे घोडीच्या नालेत खडा अडकला म्हणून थांबला होता. नालेतला खडा काढायला दोन मिनिटं लागतात, बेन्युएलला सहा ओळी लागल्या. पुढच्या उपासनेला बायका आरीला विचारू लागल्या की जेवणाची बाकं किती आहेत, ताटं कमी पडली तर सांग. आरीला वाटलं त्या प्रेमाने विचारत आहेत, म्हणून तिने बाकं आणि ताटं दोन्हींचा आकडा सांगितला. इथे आमचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मी केलं. उपासनेनंतरच्या जेवणाला बेन्युएलने सगळ्यांसमोर विचारलं, एफ्राइम, सावलीत सेलरी चांगली होते का रे? मी म्हणालो, ती सेलरी नाही, फुलं आहेत.

दादा, टेबलावर असा हशा पिकला की बिशपच्या हातातला पाव खाली पडला. मागच्या वर्षी त्या मेनोने आपली सेलरी गायींसाठी आहे असं सांगितलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी एकाने ती डॉक्टरने सांगितली आहे म्हणून. मुलीच्या बापाने नाही म्हणायचं असतं, तो रिवाजच आहे. फुलांपर्यंत मात्र आजवर कोणी पोचलं नव्हतं. बिशपने डोळे पुसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “फुलं तर फुलं, एफ्राइम. देव त्यांना सुखी ठेवो.”

त्यानंतर मी जितकं नाही म्हणालो तितकं ते पक्कं होत गेलं. गप्प बसलो तर बाप गंभीर झाला म्हणत. पाणी घालणं थांबवावं असं मनात आलं, पण जून कोरडा गेला आणि तहानलेल्या झाडाला माझ्या अब्रूसाठी मारणं मला बरं वाटेना. सगळं उपटून टाकावं असंही मनात आलं. आरी म्हणाली की उपटलंत तर लग्न मोडलं म्हणतील, आणि ठरलेल्या लग्नापेक्षा मोडलेलं लग्न मुलीच्या अंगाला जास्त चिकटतं. ते खरं होतं. मग नवरदेव कोण याचा शोध सुरू झाला. एमॉस झूक आमच्याकडे करवतीला धार लावून घ्यायला दोनदा आला होता, तेवढ्यावर लोकांनी त्याला नेमून टाकलं. बिचारा एमॉस. त्याने तिसरी करवत बोथटच राहू दिली.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो. फुलं येतील आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील, तोवर सोसायचं, असा माझा हिशेब. मग ऑगस्टच्या मध्यावर मलिंडाचं गाणं बंद झालं. ती भांडी घासताना नेहमी स्तोत्र गुणगुणते, ते थांबलं. पाव दोनदा करपला. मी आरीला विचारलं, पोरीला काही होतंय का. आरी उंबरठ्यावर मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“तुमच्या फुलांनी माझ्या मुलीचा नवरा पळवला,” ती म्हणाली.

मग मला कळलं. दोन टेकड्यांपलीकडे, दुसऱ्या मंडळीत, सिल्व्हन लॅप आहे, घोड्यांचा साज शिवतो, बत्तीस वर्षांचा, शांत माणूस. दीड वर्ष तो दर दुसऱ्या रविवारी मलिंडाकडे येत होता, आम्ही निजल्यावर, जशी रीत आहे तशी. (मी झोपेला इतका पक्का आहे की दीड वर्षात एक कुत्रा भुंकलेला मला आठवत नाही. आरीला पहिल्या रविवारपासून माहीत होतं.) तो मागणी घालायला शब्द जमवत होता, आणि साज शिवणाऱ्याचे शब्द टाक्यासारखे, एक एक करून पडतात. अजून विचारायचं राहिलं होतं, तेवढ्यात त्याच्या कानावर आलं की एफ्राइम बायलरच्या घरी दोनशे चाळीस सेलरी आहे. त्याने तर विचारलं नाही. म्हणजे दुसऱ्या कोणी विचारलं असणार. तो यायचा थांबला. मलिंडाने दोन रविवार वाट पाहिली. त्याला चिठ्ठी लिहायची म्हटलं तर काय लिहायचं? मला कोणी विचारलेलं नाही, असं? आपल्या मुली ते लिहीत नाहीत, आणि मलिंडाने ते लिहावं असं मलाही वाटलं नाही.

आता सगळं त्या झाडांवर आलं. ती प्रभुभोजनाच्या आत फुलली, रस्त्यावरून दिसतील अशी फुलली, तर ती सेलरी नाही हे मी न सांगता सगळ्यांना कळेल. नाही फुलली तर ऑक्टोबरात आमच्या घरचं काही जाहीर होणार नाही, आणि मग लोक मलिंडाकडे ज्या नजरेने पाहतील ती मला आत्ताच दिसत होती. मी रोज सकाळी दूध काढण्याआधी तिथे जाऊन उभा राहू लागलो. बगबेनच्या कळ्या फार विचित्र, दादा. ऑगस्टपासून हिरव्या मण्यांची माळ उभ्या काडीवर धरलेली, आणि मग महिनाभर ती माळ तशीच. हलत नाही, वाढत नाही. फुलांसाठी प्रार्थना करणं मला बरोबर वाटेना. जगात आजारी माणसं आहेत, युद्धं आहेत. म्हणून मी तुझी इच्छा असेल तसं होवो, एवढंच म्हणायचो. मग थोडं थांबून, तारीख सांगायचो.

सप्टेंबरात ॲनिमोनी हरणांनी खाल्ली. ऐंशीपैकी साठ एका पहाटेत. उरलेल्या विसांना कळ्या होत्या पण त्या जमिनीलगत, फळ्यांच्या आड. फळ्या काढल्या असत्या तर ससे, ठेवल्या तर कोणाला काही दिसत नाही; मी एक दिवस काढल्या आणि एक दिवस ठेवल्या, त्याचा उपयोग सशांनाच झाला. मग चोवीस तारखेला वारा पडला, आकाश स्वच्छ, आणि रात्री दंव गोठणार हे दुपारीच कळलं. गोठलेल्या दंवाने बगबेनची कळी एका रात्रीत काळी पडते, विटकम बाईंनी सांगितलं होतं. मी आणि आरीने घरातल्या सगळ्या चादरी, गोधड्या, आरीच्या माहेरची निळी गोधडीसुद्धा, सूर्य मावळायच्या आत त्या सहा ओळींवर पसरल्या. बेन्युएल बग्गीतून गेला. त्याने टोपी काढली. दंवापासून लग्नाची सेलरी झाकताना बापाला त्याने आधीही पाहिलं होतं, पण इतक्या मायेने नाही, असं तो नंतर सगळ्यांना सांगत होता.

आणि अठ्ठावीस तारखेला, रविवारी, आमच्या मंडळीची उपासना नसलेल्या रविवारी, मी सकाळी बादली घेऊन बाहेर आलो आणि मला आधी वास आला. गोड, थोडा जड, मधासारखा. मग दिसलं. एकशे साठ काड्या, माझ्या छातीएवढ्या उंच, आणि प्रत्येकीवर खालून वर फुटत गेलेला पांढरा मऊ तुरा, मांजराच्या शेपटीसारखा. मेपलमधून आलेलं पहिलं ऊन त्यांच्यावर आणि सगळ्या पट्टीभर मधमाश्या. मी बादली खाली ठेवली. आरी आली, मलिंडा आली. मलिंडाने एक तुरा हाताने हलवला आणि ती हसली की रडली ते तिच्या टोपीमुळे मला कळलं नाही.

त्या दिवशी दुसऱ्या मंडळ्यांच्या सगळ्या बग्ग्या आमच्या रस्त्याने गेल्या, आणि सगळ्या हळू गेल्या. संध्याकाळी बेन्युएल चालत आला. ओळींच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, एक पान चुरगाळून हुंगलं. “म्हणजे ही खरंच फुलं होती,” तो म्हणाला. मी हो म्हणालो. “मग तू तसं सांगायचं नाहीस का?” तो म्हणाला, आणि जरा रागावूनच घरी गेला.

सिल्व्हन सोमवारी सकाळी आला. आपल्या वेळेला नाही, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असा. मी कोठारापाशी होतो. त्याने घोडा बांधला नाही, लगाम हातातच. बराच वेळ फुलांकडे पाहत राहिला.

“हे सगळं हेच आहे, काका?”

“सगळं.”

“मागच्या बाजूला कुठे सेलरी?”

“एक दांडासुद्धा नाही.”

त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. “म्हणजे घरात लग्न नाही.”

“मला काय माहीत,” मी म्हणालो. “या घरात मला कोणी काही सांगत नाही. स्वयंपाकघरात विचार.”

लगाम त्याने माझ्या हातात दिला आणि गेला. मी त्याच्या घोड्याबरोबर पाऊण तास उभा होतो. घोडा चांगला आहे. पाऊण तासाने भांड्यांचा आवाज आला, आणि मग त्या आवाजात स्तोत्र.

तेव्हापासून मला झोप लागते, अन्न गोड लागतं. अजून जाहीर व्हायचं आहे, येत्या सव्वीस तारखेला होईल, तोवर हे तुमच्यापाशी ठेवा. लग्न नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी. तुम्ही दोघं आणि गुडघा, तिघांनीही यायचं आहे. वहिनींनी मागे त्यांच्या घराच्या उत्तर बाजूला काहीच उगवत नाही असं लिहिलं होतं. वसंतात मुळं वेगळी करून बगबेन पाठवीन. सकाळचं ऊन, दिवसभर ओल, पाल्याचं खत, आणि घाई नाही. आणि वहिनी, ओळीत लावू नका.

तुमचा भाऊ,
एफ्राइम

ता. क. आता एक अडचण. घरात लग्न आहे आणि सेलरी नाही. आरी बरण्यांत बगबेन ठेवायला तयार नाही, आणि बगबेन सारणातही चालत नाही. इथे कोणाकडे मागू? सहा महिने घसा फोडून सांगितलं की घरात लग्न नाही, आणि लोकांना ते आता कुठे पटलं आहे. दुकानातून दोनशे गड्डे घेतले तर मी घरी पोचायच्या आत बेन्युएल पोचेल. तुमच्या वस्तीत निम्मे लोक इथूनच गेलेले, सेलरी लावणारे. दादा, थोडी थोडी प्रत्येकाकडून घे, आणि लग्नाला याल त्या भाड्याच्या व्हॅनमध्ये पाठच्या सीटखाली, घोंगडीत गुंडाळून आण. तुझ्या सगळ्या मुलींची लग्नं झाली, तुझ्यावर कोणाला संशय येणार नाही. कोणी विचारलंच तर खोटं बोलू नकोस. नुसता खोक.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली. सिल्व्हनच्या कानावर सेलरी लोकांकडून आली असं मी लिहिलं. लोकांकडूनही आली असेल. पण ऑगस्टात घोड्यांच्या बाजारात तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. मी त्याला जेमतेम ओळखत होतो. त्याने विचारलं, काका, यंदा तुमची सेलरी कशी आहे. त्या दिवशी तो प्रश्न विचारणारा तो बहुधा तिसावा होता. मी थकलो होतो, आणि मला वाटलं हा आणखी एक थट्टा करणारा. म्हणालो, उत्तम, नोव्हेंबरात दोनशे चाळीस गड्डे, सगळे कामी येणार. तो म्हणाला, चांगलं झालं, आणि गेला. पन्नाशीला आलेल्या माणसाने आयुष्यात एकदा खोटं बोलावं आणि ते नेमकं तिथे बोलावं. आरीने मटार सोलताना जे सांगितलं तेव्हाच मला हे कळलं होतं, आणि फुलांपाशी रोज सकाळी मी उभा राहायचो ते काही फुलांसाठीच नव्हे. फुललं तरी सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मग फुललं, सगळे आनंदात होते, आणि मी उद्यावर ढकलत राहिलो. सोळा दिवस.

आज सकाळी पाकीट बंद करण्याआधी स्वयंपाकघरात गेलो. मलिंडा शेवयांचं पीठ मळत होती. उभ्यानेच तिला सगळं सांगितलं, काही कमी न करता. ती मळत राहिली. मग म्हणाली, “सिल्व्हनने त्याच सोमवारी सांगितलं, बाबा. तुम्ही सांगाल म्हणून आम्ही कोणी विषय काढला नाही.” मी म्हणालो, माझं चुकलं. तिने पिठाचे हात तसेच माझ्या बाहीवर ठेवले. त्याचे ठसे अजून आहेत, आणि हे पत्र मी तोच सदरा घालून पेटीत टाकायला निघालो आहे.